दोरी, साप आणि कंदील

जूनच्या मध्याला मावळात पाऊस एकदा धरला की चार महिने फारशी उघडीप नसते. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठेही जा, खाचरे भरलेली असतात आणि बांधावरून चालताना पाय घसरतो. अशा एखाद्या रात्री वीज जाते. गोठ्यातून सरपण आणायला गेलेले माणूस रिकाम्या हाताने परत येते आणि हळूच म्हणते, "तिकडे जाऊ नका, जनावर आहे."

कुठले जनावर, हे कोणीही विचारत नाही. गोठ्यात गाय आहे, बैल आहे, कुत्रे आहे. तीही जनावरेच. पण या आवाजात, या वेळी उच्चारलेल्या 'जनावर' शब्दाचा अर्थ घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही कळतो.

वडगाव मावळसारख्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत हा प्रश्न विचारून पाहा: "तुमच्या घरी रात्री सापाला काय म्हणतात?" मुले हसतात, एकमेकांकडे बघतात आणि मग शब्द यायला लागतात. जनावर. लांबडे. किरडू. साप चावला असे म्हणायचे नसेल, तर 'पान लागले'. नाव घेतले की तो येतो, म्हणून नाव घ्यायचे नाही. फळ्यावर ही यादी लिहिली की वर्गात एक गंमत होते. ज्याची भीती वाटते त्याच्याबद्दल मुले मोकळेपणाने बोलू लागतात, आणि प्रत्येकाकडे एक तरी गोष्ट निघते. शेजारच्या काकांनी रात्री पायाखाली आलेला पट्टा काठीने कसा ठेचला, ही गोष्ट तर हमखास निघते.

या लेखात आपण या भीतीचाच इतिहास पाहणार आहोत. ती येते कुठून, तिच्यामुळे काय नुकसान होते, आणि ती कमी करण्यासाठी कोणी काय केले.

भीती शिकलेली की उपजत?

'दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो' ही म्हण आपण मुलांना वाक्यात उपयोग करायला देतो. या म्हणीत मानसशास्त्राचे एक मोठे निरीक्षण दडलेले आहे. पोळले दुधाने, पण भीती बसली प्रत्येक पांढऱ्या पेयाची. भीती मूळ जागी थांबत नाही, ती सारख्या दिसणाऱ्या गोष्टींवर पसरते.

1920 साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी हे एका तान्ह्या मुलावर करून पाहिले. 'अल्बर्ट' या नावाने ओळखले जाणारे ते बाळ पांढऱ्या उंदराला मुळीच घाबरत नव्हते. उंदीर समोर आणला की त्याच वेळी बाळाच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा, असे काही वेळा केल्यावर नुसता उंदीर पाहूनही ते रडू लागले. पुढे सशालाही घाबरू लागले. असा प्रयोग आज कोणी करू शकणार नाही, आणि करूही नये. पण भीती शिकवता येते, हे त्यातून दिसले.

मग ती विसरवताही येईल का? मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने 1924 साली त्याचे उत्तर दिले. तिच्याकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. तो सशाला फार घाबरे. तिने त्याला रागावले नाही किंवा 'घाबरायचे काय त्यात' असेही म्हटले नाही. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवायचा, आणि त्याला झेपेल तेवढाच रोज थोडा पुढे आणायचा. सशाशी आनंदाने खेळणारी दुसरी मुलेही तिने त्याच्या सोबत ठेवली. काही आठवड्यांनी पीटर स्वतः सशाला कुरवाळू लागला.

सापाच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट आहे. 1980 च्या दशकात सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी माकडांवर काही प्रयोग केले. प्रयोगशाळेत जन्मलेली आणि कधीही साप न पाहिलेली माकडे सापाला घाबरत नव्हती. म्हणजे भीती तयार होऊन आलेली नव्हती. पण दुसरे माकड सापाला पाहून घाबरताना दिसले, अगदी चित्रफितीवर दिसले, तरी ती लगेच घाबरायला शिकत. मग संशोधकांनी चित्रफितीत फेरफार केला. माकड तितकेच घाबरलेले, पण त्याच्यासमोर साप नाही, फुले. ही चित्रफीत पाहून माकडे फुलांना घाबरायला शिकली नाहीत.

यातून शिक्षकांनी लक्षात घ्यावे असे दोन मुद्दे निघतात. एक, सापाची भीती आपण जन्मतः घेऊन येत नसू, पण ती शिकण्याची तयारी बहुधा घेऊन येतो. दुसरा, ती आपण एकमेकांच्या चेहऱ्यावरून शिकतो. बाई किंवा सर किंचाळून बाकावर चढले, तर चाळीस मुलांचा तो दिवसभराचा धडा होतो.

कंदील कोणी धरला?

अंधारात पडलेली दोरी साप वाटते आणि दिवा आणला की भ्रम जातो, हा आपल्या वेदान्त्यांचा आवडता दाखला. रज्जुसर्प म्हणतात तो. शेकडो वर्षे तो सांगितला गेला. पण मावळातला शेतकरी यावर हसून म्हणेल, "दिवा आणल्यावर कधी कधी तो सापच निघतो की!" आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. दिव्याचे काम भीती घालवण्याचे नाही, काय आहे ते दाखवण्याचे आहे. दोरी असेल तर दोरी, साप असेल तर साप, आणि साप असेल तर कोणता.

'कोणता' हा प्रश्न विचारण्यातच या भीतीचा अर्धा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमला होता. त्याने सापांचे नमुने जमवले, चित्रे काढवून घेतली आणि विषारी-बिनविषारी कसे ओळखायचे ते तपासायला सुरुवात केली. 1796 साली त्याचा ग्रंथ निघाला. आपल्या घोणसीच्या इंग्रजी आणि शास्त्रीय नावात आजही रसेल आहे.

1872 साली जोसेफ फेरर या डॉक्टरचा विषारी सापांवरचा मोठा सचित्र ग्रंथ आला. त्याने सरकारी नोंदी मागवल्या. ब्रिटिश हिंदुस्थानच्या काही प्रांतांतून मिळून 1869 या एका वर्षात 11,416 सर्पदंशमृत्यूंची नोंद निघाली. त्या काळी चालणारी नाना औषधे त्याने तपासून पाहिली आणि खात्रीचा उतारा एकही नाही, असे लिहिले. सरकारने मेलेल्या विषारी सापामागे बक्षीस देऊन पाहिले. सापांचे ढीग पडले, पण माणसे मरायची थांबली नाहीत.

उतारा सापडला तो 1890 च्या दशकात. आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर व्हिएतनाममधल्या सायगावला काम करत होता. नागाचे विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत टोचले, तर घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारे द्रव्य तयार होते, आणि ते रक्तजल माणसाला वाचवू शकते, हे त्याने दाखवले. मात्र एकाच सापाच्या विषावर बनवलेले औषध सगळ्या सापांवर चालेल, असे त्याला वाटत होते.

इथे मुंबईचा संबंध येतो. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये 1899 साली वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. 1925 पासून तिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झाले. या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जॉर्ज लॅम याने दाखवून दिले की नागाच्या विषावरचे रक्तजल घोणसीच्या विषावर चालत नाही. विषे वेगळी, म्हणून उतारेही वेगळे हवेत. पुढे भारतात ज्या सापांच्या दंशाने सर्वाधिक माणसे दगावतात ते चार निवडून, चौघांच्याही विषावर चालणारे एकच औषध बनवले जाऊ लागले. हाफकिन हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र राहिले.

हे चौघे मुलांना पाठ असायला हवेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर काम करते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. ते ओळखायची एक परीक्षा इतकी साधी आहे की ती वर्गात समजावून सांगता येते. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरपी करून पाहतात. गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे. वीज नसलेल्या दवाखान्यातही हे करता येते.

भारतात सापांच्या 300 हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या चारच जातींमुळे बहुतेक मृत्यू होतात. मावळ-लोणावळ्याच्या जंगलात हिरवा चापडा सापडतो. तो विषारी आहे आणि हे चौघांवरचे औषध त्याच्या विषावर चालत नाही, पण त्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही. बाकी धामण, दिवड, नानेटी, कवड्या, हरणटोळ, मांडूळ या मंडळींपासून जिवाला धोका नाही. तरी गोष्टी त्यांच्याच जास्त. धामण म्हशीचे दूध पिते, हरणटोळ टाळू फोडतो, नाग डूख धरतो! मांडुळाला तर दोन तोंडे आणि गुप्तधनाचा पत्ता माहीत, अशी ख्याती. या ख्यातीपायी त्याची चोरटी विक्री होते आणि तो बिचारा विनाकारण मरतो.

मांत्रिकाचे यश

सर्पदंश झाल्यावर माणसाला देवळात किंवा भगताकडे का नेतात? 'अडाणीपणामुळे' असे उत्तर आपण पटकन देतो. ते पुरेसे नाही. लोक भगताकडे जातात कारण त्यांनी तिथे माणसे बरी झालेली डोळ्यांनी पाहिलेली असतात. ते खोटे बोलत नसतात.

फळ्यावर एक हिशेब मांडू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, 100 माणसांना साप चावले. त्यांपैकी 70 जणांना बिनविषारी साप चावला. उरलेल्या 30 पैकी 10 जणांच्या अंगात विष शिरलेच नाही, कारण विषारी साप दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे 80 माणसे काहीही न करता वाचणार होती. त्यांना मंत्र घातला, कडुलिंबाचा पाला चारला, कोंबडी लावली, तरी वाचणार. भगताच्या नावावर शंभरात ऐंशी यश! आता मुलांना विचारा: मंत्राचा खरोखर उपयोग होतो की नाही, हे ठरवायला आणखी कोणती माहिती हवी? मंत्र न घातलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न एखादी मुलगी विचारेलच. तिने तुलनेच्या गटाची कल्पना स्वतः शोधून काढली, हे तिला आवर्जून सांगा.

या हिशेबात भीतीचाही वाटा आहे. दिवड चावलेला माणूससुद्धा घामाघूम होतो, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, कधी शुद्ध हरपते. ही सगळी भीतीची लक्षणे आहेत, विषाची नव्हेत. मंत्राने, गर्दीने, धीराच्या शब्दांनी ती खरोखर ओसरतात. भगत भीतीवर उपचार करतो आणि श्रेय विष उतरवल्याचे घेतो. आणि उरलेल्या वीस जणांचा दवाखान्यात पोचण्याचा वेळ देवळाच्या पायरीवर निघून जातो.

पाहणारे डोळे

पुण्यात 1980 साली एक वेगळीच गोष्ट घडली. नीलिमकुमार खैरे या तरुणाने 72 विषारी सापांसोबत 72 तास एका बंदिस्त खोलीत काढले. माथेरानला नोकरीत असताना दिसेल तो साप मारला जातो, हे त्यांनी पाहिले होते. मारण्याऐवजी पकडून दूर सोडायचे, असे करता करता त्यांना सापांचा स्वभाव कळत गेला. साप माणसाच्या अंगावर धावून येत नाही, डिवचले किंवा दाबला गेला तरच चावतो, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर दाखवायचे होते. पुढे 1986 साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्या, आणि काचेपलीकडची घोणस पाहताना मुलांनी पहिल्यांदा सापाकडे पळून न जाता पाहिले.

असे पाहिल्याने भीती कमी होते का? मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली हेच तपासले होते. सापाच्या भीतीने ज्यांचे रोजचे जगणे अडले होते, बागकाम किंवा रानात फिरणे ज्यांनी सोडून दिले होते, अशी माणसे त्यांनी निवडली. काहींना नुसत्या कल्पनेत सापाजवळ जायला सांगितले. काहींना सापाशी निर्भयपणे वागणाऱ्यांचा चित्रपट दाखवला. काहींच्या समोर एका माणसाने बिनविषारी साप हाताळला आणि मग त्यांना एकेक पायरीने स्वतः तसे करायला मदत केली. तिन्ही गटांत सुधारणा झाली, पण तिसऱ्या गटाला सर्वाधिक फायदा झाला. मेरी जोन्सने पीटरसाठी जे केले, त्याचीच ही मोठ्यांची आवृत्ती.

मात्र इथे एक इशारा द्यायलाच हवा. धिटाई म्हणजे साप गळ्यात घालून फोटो काढणे नव्हे. अनुभवी सर्पमित्रही दंशाने दगावले आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय ते पकडणे वा बाळगणे गुन्हाही ठरतो. विद्यार्थ्यांनी शिकायचे ते खैऱ्यांचे धाडस नाही, तर त्या धाडसामागचे निरीक्षण.

निरीक्षणाचे दुसरे उदाहरण सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावरचे आहे, आणि ते विंचवाचे आहे. आपल्याकडे 'विंचू-किरडू' असा जोडशब्दच आहे. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. डॉ. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवत राहिले. मृत्यू येतो तो हृदय निकामी होऊन आणि फुप्फुसांत पाणी भरून, हे त्यांनी ओळखले. 1982 साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वेळेवर दिले तर रुग्ण वाचतो, हेही त्यांनी पुढे दाखवले, आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. सगळे घाबरलेले असताना एक माणूस वही घेऊन बसला, एवढीच ही गोष्ट. तिला 2022 साली पद्मश्रीची दाद मिळाली.

भीती योग्य जागी

तर मग सापाची भीती खोटी आहे का? नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मरण पावली. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. हा आकडा सरकारी रुग्णालयांच्या नोंदींपेक्षा कितीतरी मोठा निघाला, कारण पाहणी करणाऱ्यांनी घरोघरी जाऊन मृत्यूची हकिकत विचारली होती. बहुतेक माणसे खेड्यात, घरीच गेली होती. त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक मुले 15 वर्षांखालची होती. निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले, आणि भारत सरकारने 2024 साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

म्हणजे भीती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. आपण दिवसाढवळ्या अंगणातून जाणाऱ्या लांबलचक धामणीला घाबरतो आणि ठार मारतो. तीच धामण आपले उंदीर खात असते. वडगावच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो. भात आला की उंदीर आले, उंदीर आले की साप आले. ही साखळी आपण पर्यावरणाच्या तासाला शिकवतो आणि घरी काठी उचलतो. उलट मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, आणि घरच्यांना वाटते, बाधले असेल काहीतरी. घाबरायला हवे ते या ठिकाणी.

सवयीची भीती कशी बोथट होते, हेही वडगावातच दिसते. जुना पुणे-मुंबई रस्ता गावाला लागून जातो. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,000 हून अधिक माणसे मेली. पण रस्ता धावत ओलांडताना कोणाच्या अंगावर काटा येत नाही, आणि रस्त्याचे नाव रात्री घेऊ नये असेही कोणी म्हणत नाही.

योग्य जागी बसलेली भीती फार थोडे मागते. रात्री बाहेर जाताना बॅटरी. पायात बूट, आणि भाताच्या लावणीत शक्य तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट. जमिनीऐवजी खाटेवर झोपणे, ते जमत नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे. सरपण आणि गवत घरापासून दूर रचणे, आणि हात घालण्याआधी काठीने हलवणे. दंश झालाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायचे नाही. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचे नाही, धीर द्यायचा, आणि 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी रुग्णालय गाठायचे. सापाला पकडण्यात वा मारण्यात वेळ घालवायचा नाही. उपचार लक्षणांवरून करता येतात.

आणि चेष्टा? भ्यायलेल्या मुलाची चेष्टा करायची नाही. भीतीची मात्र जरूर करायची. नागपंचमीला चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, शेतात नांगर धरायचा नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. वर्षातून एक दिवस आपण सापाला रजा देतो. त्याच दिवशी वर्गात एक खेळ घ्यावा. 'मी कशाला साप समजलो' याच्या खऱ्या गोष्टी मुलांनी सांगायच्या. पट्टा, सुतळी, सायकलची ट्यूब, आजीच्या लुगड्याचा काठ, नळाचा पाइप. शिक्षकांनी स्वतःची गोष्ट आधी सांगावी. हसून झाले की प्रत्येकाने आपल्या घराचा नकाशा काढायचा आणि साप खरोखर कुठे, केव्हा येऊ शकेल तिथे फुली मारायची: सरपणाचा ढीग, गोठा, कोंबड्यांचे खुराडे, जमिनीवरचे अंथरूण. फुलीशेजारी लिहायचे, इथे आपण काय करणार.

हा नकाशा पाऊस लागण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचला तर अधिक बरे. घरातल्या मोठ्या माणसांना तो मुलांनीच समजावून द्यावा. रात्री वीज गेल्यावर गोठ्याकडे निघालेल्या आजीच्या हातात नातीने बॅटरी दिली आणि विचारले, "आजी, जनावर म्हणजे कोणते? नाग, मण्यार, घोणस की फुरसे?" तर त्या घरात आपला धडा पोचला असे समजावे. आजी बहुधा म्हणेल, "नाव घेऊ नको गं." पण बॅटरी घेईल.